पाना कुणाच्या हातात?

गेल्या मे महिन्यात मी चार दिवसांसाठी कळवणला घरी गेलो आणि त्यातले दोन दिवस एका टेबलाखाली पाठीवर पडून काढले. लॅपटॉप बॅगेतून बाहेरसुद्धा निघाला नाही. पुण्याला परतल्यावर टीममधल्या एकानं विचारलं, 'सुट्टीत काय केलंस?' मी म्हणालो, 'एक टेबल उघडलं.' तो हसला. त्या टेबलानं माझ्या मागे एक प्रश्न लावून दिलाय आणि तो अजून सुटलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

प्रश्न दिसायला साधा आहे. दोन गोष्टी जोडताना त्या पुन्हा सुट्या करता येतील अशी सोय ठेवावी का? आणि ठेवली, तर ती जोडणी कच्ची ठरते का?

आधी टेबलाबद्दल. सहा फूट बाय तीन फूट, अस्सल सागवान. १९८८ साली नाना शिक्षक म्हणून नोकरीला लागले तेव्हा आजोबांनी गावातल्या एका मिस्त्रींकडून ते करून घेतलं. नाना म्हणजे माझे वडील. वरचा भाग तीन लांब फळ्या कडेला कड जोडून केलेला, खाली चार पाय आणि पायांना धरून ठेवणारी चौकट. या टेबलावर नानांनी हजारो पेपर तपासले, कांद्याच्या पट्ट्यांचे हिशेब केले, आणि मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला.

नाना जाऊन दोन वर्षं झाली. ताई गेली तीन वर्षं माहेरी आहे. तिला वरच्या खोलीत नववी-दहावीच्या गणिताचे क्लास सुरू करायचे होते आणि त्यासाठी हेच टेबल हवं होतं. अडचण जिन्याची. आमचा जिना अरुंद आणि वळणाचा. पायांसकट टेबल त्यातून जाणं शक्य नव्हतं. फळी वेगळी आणि पाय वेगळे केले, तर मात्र आरामात गेलं असतं.

आणि ते वेगळं होतं, याची मला खात्री होती. लहानपणी त्याच्याखाली लपून बसायचो तेव्हा डोक्यावर सहा नट दिसायचे. बोल्टची डोकी वरून फळीत खोल बसवून त्यांवर लाकडाच्या गोल गुल्ल्या ठोकलेल्या, आणि खालून चौकटीच्या पट्ट्यांमधून बाहेर आलेल्या आट्यांवर रुंद चकत्या आणि नट. म्हणजे करणाऱ्यानं ते उघडण्यासाठीच केलं होतं.

मी पान्यांचा नवा सेट घेऊन खाली शिरलो. तेराचा पाना बसेना, चौदाचा घसरे. मग लक्षात आलं, हे मिलिमीटरचे नट नाहीतच. जुने, अडीच सुती. ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत आजही बोल्ट सुतात मागितला जातो. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आजचा आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि हा, दोघं शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण एकाचा नट दुसऱ्यावर चढवा, एक-दोन फेरे जातो आणि अडकतो, कारण आट्यांमधलं अंतर वेगळं आहे.

शेवटी बाजारातल्या एका जुन्या गॅरेजवाल्याकडून, जो अजून डिझेल इंजिनचे पंप दुरुस्त करतो, सुती पाना मागून आणला. नटांवर डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी सहाही नट सुटले. दोघांचे आटे झिजले होते, पण सुटले.

फळी मात्र तसूभर हलली नाही.

*

मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तेव्हा फळी आणि चौकट यांच्या फटीत वाळलेल्या डिंकाची पिवळट रेघ दिसली. आतून तिरके ठोकलेले खिळेही दिसले. आई दारात उभी होती. म्हणाली, 'ते नानांनी केलंय. तू आठवीत होतास तेव्हा.'

मग तिनं सांगितलं. टेबल डुगडुगायला लागलं होतं. नट आवळले असते तर काम झालं असतं. पण दरवर्षी आवळायचं, पुन्हा सैल व्हायचं, याचा नानांना वैताग आला. त्यांनी फटीत फेविकॉल भरलं, खालून खिळे मारले, वर पाटा-वरवंटा आणि तांदळाची गोणी ठेवली आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग हात झटकत म्हणाले, 'आता जन्मात हलणार नाही.'

हललं नाहीच. पण दोन-तीन उन्हाळ्यांनंतर फळीला मधोमध चीर गेली. जवळजवळ दोन फूट लांब. नानांना वाटलं लाकूड फसवं निघालं. मलाही तसंच वाटत आलं होतं.

ती चीर का गेली, हे मला या मे महिन्यात कळलं. मिस्त्री आता नाहीत. त्यांचा मुलगा प्लायवूड आणि सनमायकाचं काम करतो. त्याला बोलावलं. हीट गनची गरम हवा, पातळ पाती आणि भरपूर शिव्या, असं दीड दिवस चाललं. वाळलेला पांढरा डिंक उष्णतेनं मऊ पडतो, हाच काय तो आधार. फळी उचलली तेव्हा चौकटीतली बोल्टची भोकं पहिल्यांदा नीट दिसली. ती गोल नव्हती, लांबट होती. बोल्टपेक्षा दुप्पट लांब. मी म्हणालो, 'बाबांचा हात जरा चुकलेला दिसतोय.'

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी इंजिनिअर आहे हे त्याला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. म्हणाला, 'हात चुकला असता तर सहाही भोकं एकाच दिशेनं चुकली असती का? पावसाळ्यात फळी रुंद होते. बोल्टला सरकायला जागा नको?'

यामागचं विज्ञान नंतर वाचून काढलं. लाकूड मेल्यावरही श्वास घेतं म्हणतात. खरं तर ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओल वाढली की फुगतं, कमी झाली की आकसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळपास शून्य, आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं बरंच. सागवान यात सगळ्यांत शांत लाकडांपैकी. तरीही तीन फूट रुंदीची फळी कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत पाच-सात मिलिमीटर सहज हलू शकते. तिच्याखालची चौकटीची आडवी पट्टी मात्र आपल्या लांबीत हलत नाही. म्हणजे फळी ताणतेय आणि पट्टी जागची हलत नाहीये. दोघांच्या मध्ये सरकणारा बोल्ट असेल तर काही होत नाही. मध्ये डिंक असेल तर कुणाला तरी फाटावं लागतं.

टेबल फसवं नव्हतं. मिस्त्रींनी दिलेली सरकायची जागा आम्ही बंद केली आणि ते फाटलं.

*

इथं मी एका सोप्या निष्कर्षाकडे घसरत होतो: डिंक वाईट, बोल्ट चांगला. मिस्त्रींच्या मुलानं तिथंही अडवलं. चीर गेलेल्या फळीचं काय करायचं विचारलं, तर म्हणाला, 'चिरीवरून सरळ कापायची, कडा रंध्यानं साफ करायच्या आणि डिंकानं जोडायच्या.' पुन्हा डिंक? 'मग? मूळच्या तीन फळ्या डिंकानंच जोडल्यात की. छत्तीस वर्षं झाली, तो सांधा सुटला का?'

सुटला नव्हता. चीर सांध्याच्या शेजारून, कोऱ्या लाकडातून गेली होती. एकाच दिशेच्या तंतूंच्या दोन कडा नीट जोडल्या तर डिंकाचा सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो, हे सुतारकामातलं जुनं सत्य आहे. कारण त्या दोन फळ्या एकत्र फुगतात, एकत्र आकसतात. त्यांच्यात भांडण नाही. फळी आणि चौकट यांच्यात मात्र दर मोसमाला ओढाताण आहे.

म्हणजे नियम असा: जे एकाच दिशेनं बदलतात त्यांना डिंक चालेल. ज्यांचं बदलणं वेगळं आहे त्यांना बोल्ट हवा, आणि बोल्टला थोडी जागाही हवी.

लाकडाचे तंतू डोळ्यांना दिसतात. माणसांचे दिसत नाहीत, ही अडचण आहे.

*

ताईच्या लग्नाबद्दल मी फार लिहिणार नाही. तिथं काय झालं ते तिचं आहे. इतकंच सांगतो, की लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं नानांना फोन करून सांगितलं होतं की मला परत यायचंय. नाना म्हणाले होते, 'जमवून घे.' ते वाईट माणूस नव्हते. ताईच्या बारावीच्या निकालाला त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पण एकदा जोडलं ते जोडलं, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. ताईनं आणखी जवळजवळ तीन वर्षं जमवून घेतलं. मग एके दिवशी कुणाला न विचारता एसटीनं निघून आली.

टेबल वर चढवून झाल्यावर आम्ही गच्चीत बसलो होतो. मी उत्साहात तिला माझा शोध सांगायला लागलो: लांबट भोकं, फुगणारी फळी, नानांचा डिंक, मधोमध गेलेली चीर. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, 'भाऊ, मी टेबल नाहीये.'

मी गप्प.

'आणि माझ्या लग्नात बोल्ट नव्हता असं नाही,' ती म्हणाली. 'होता की. तो माणूस कधीही मला सोडू शकत होता. दर महिन्याला तशी धमकी द्यायचा. उघडायची सोय होती, पण पाना त्याच्या हातात होता.'

माझं सगळं गणित त्या एका वाक्यानं बदललं. मी दोनच प्रकार धरून चाललो होतो: उघडणारं आणि न उघडणारं. तिसरा प्रकार माझ्या डोक्यातच आला नव्हता: एकाच बाजूनं उघडणारं.

बैलाचं जू आठवून बघा. जुवाच्या टोकाला शिवळा असतात, लाकडी किंवा लोखंडी खुंट्या. जोतं सोडलं, शिवळ उपसली, की बैल मोकळा. बैल अडखळून पडला तर पटकन सोडवता आला पाहिजे, म्हणून ती जोडणी मुद्दाम सुटी ठेवलेली. रचना म्हणून अप्रतिम. पण शिवळ बैलाला उपसता येत नाही.

रखमाबाईंचा खटला याच प्रश्नाचा आहे, असं आता मला वाटतं. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुंबईची मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. ज्या लग्नाला तिची समजून-उमजून संमती नव्हती त्यात तिला जबरदस्तीनं ढकलता येणार नाही, असा त्याचा सूर होता. अपील झालं. १८८७ मध्ये हुकूम निघाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढची कितीतरी वर्षं सुरत आणि राजकोटला रुग्णसेवा केली.

या खटल्यात 'लग्न हे अतूट बंधन आहे' असं म्हणणाऱ्यांत मोठमोठी माणसं होती. 'केसरी'तून टिळकही रखमाबाईंच्या विरोधात लिहीत होते. पण त्याच काळात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला कायद्यानं कसलीच आडकाठी नव्हती. म्हणजे बंधन अतूट होतं ते एकाच बाजूनं. मुंबई प्रांतात ती आडकाठी १९४६ मध्ये आली, हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९४७ मध्ये मिळाला, देशभर तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं आला, आणि दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याची सोय १९७६ मध्ये. या सगळ्या तारखांना 'लग्नसंस्था मोडेल' असं म्हणणारे होतेच. मला वाटतं या कायद्यांनी लग्नं सैल केली नाहीत. त्यांनी पान्याचा दुसरा नग बनवून दुसऱ्या हातात दिला.

*

आता तुमच्या हातातला फोन बघा. त्याची बॅटरी बहुधा डिंकानं चिकटवलेली आहे. आमच्या लहानपणीच्या फोनचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी बाहेर काढून, फुंकर मारून परत घालता यायची. आता फोन पातळ झाला, पाण्यात टिकू लागला, आणि उघडायचा झाला तर दुकानात न्यावा लागतो. काही वेळा बोल्ट असतोच, पण त्याचं डोकं असं असतं की त्याचा पाना बाजारात मिळू नये. अ‍ॅपलनं २००९ पासून वापरलेला पाच पाकळ्यांचा स्क्रू हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. जगभर त्यावर आरडाओरड झाली, मग २०२२ पासून कंपनीनं काही देशांत सुटे भाग आणि हत्यारं ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन-लॅपटॉपवर, तो किती सहज दुरुस्त होतो याचे गुण छापणं सक्तीचं झालं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता आली पाहिजे. आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारनं पोर्टल सुरू केलं. त्यात फोन आहेत, गाड्या आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत.

याच्या उलट उदाहरण १८४१ चं आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरनं एक प्रस्ताव मांडला: प्रत्येक कारखान्यानं आपापले आटे पाडण्याऐवजी सगळ्यांनी एकच माप धरावं, आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला ठरलेलं अंतर. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नव्हतं. आमच्या टेबलाचे अडीच सुती बोल्ट त्याच मापाचे आहेत. १८४१ मधल्या त्या प्रस्तावामुळे आज कळवणच्या गॅरेजात माझ्या बोल्टला बसणारे दोन नट डब्यात सापडतात. ज्याला कधी भेटणार नाही अशा माणसासाठी केलेलं हे एक सौजन्य आहे.

आणि आता माझी गोष्ट, जी ताईला मी अजून सांगितलेली नाही.

आधीच्या नोकरीत मी एका अ‍ॅपची वर्गणी रद्द करण्याची पानं लिहिली. वर्गणी सुरू करायला एक बटण. रद्द करायला तीन पानं, करड्या रंगाचं बटण, 'तुम्हाला खरंच जायचंय का?', आणि शेवटी एक फोन नंबर, जो फक्त ऑफिसच्या वेळेत लागायचा. डिझाईन माझं नव्हतं, कोड माझा होता. एकदा माझ्याकडे एक तक्रार आली, कारण ती मराठीत होती आणि टीममध्ये मराठी मलाच येत होतं. कुणीतरी वयस्कर गृहस्थ असावेत. तिसऱ्यांदा लिहीत होते. 'बाळा, हे बंद कसं करायचं ते सांग.' मी कोड तपासला. सगळं जसं चालायला हवं तसंच चालत होतं. मी तक्रारीवर 'ठरल्याप्रमाणे चालू आहे' असा शेरा मारला आणि ती बंद केली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार दिलेत, त्यात वर्गणीचा सापळाही आहे. मी ती यादी वाचली तेव्हा त्यात मला माझी तीन पानं दिसली. ती नोकरी मी सोडली होती, पण पगार वाढवून मिळाला म्हणून. त्या गृहस्थांसाठी नाही.

नानांनी निदान स्वतःच्या टेबलाला डिंक लावला होता. मी दुसऱ्यांच्या पान्याचं डोकं घासून गुळगुळीत करत होतो, आणि त्याचे पैसे घेत होतो.

*

तरी नानांची बाजू मांडायला हवी, कारण ती आता त्यांना मांडता येत नाही.

ते म्हणाले असते: सगळंच सुटणारं ठेवलं तर माणूस कशातच पूर्ण शिरत नाही. तुमच्या पिढीचं घर भाड्याचं, नोकरी नोटीस पिरियडची, गाणी वर्गणीची. दाराकडे डोळे लावून बसलेला माणूस खोलीत कधी रमत नाही. वचनाला किंमत असते तीच मुळी परतीची वाट बंद केल्यामुळे.

यात तथ्य आहे. मी तीन वर्षांत दोन नोकऱ्या आणि चार खोल्या बदलल्यात. एकाही खोलीच्या भिंतीत खिळा ठोकला नाही. काही गोष्टींना पाना नसावा हेही मला पटतं. आई-बापानं लेकराशी असलेली जोडणी सोडवायची सोय असावी, असं कोण म्हणेल?

पण बोल्टबद्दल एक गोष्ट नानांना माहीत नव्हती. आवळलेला बोल्ट नुसता अडकून बसत नाही. नट फिरवताना तो अगदी किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि तो ताणच दोन भागांना दाबून धरतो. म्हणून नीट आवळलेलं टेबल चिकटवलेल्या टेबलाइतकंच घट्ट उभं राहतं. फरक एवढाच की उन्हाळ्यात लाकूड आकसलं की ताण कमी होतो आणि कुणीतरी खाली वाकून पुन्हा पाऊण फेरा द्यावा लागतो. बोल्टची जोडणी कच्ची नसते. तिला वेळ द्यावा लागतो, इतकंच. डिंक वेळ मागत नाही, म्हणून तो जास्त निष्ठावान वाटतो.

निघायच्या दिवशी सकाळी हे सगळं मी आईला सांगितलं, चहा पिताना. तिच्या आणि नानांच्या संसाराला पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. माझ्या मनात होतं की डिंकाचं हे निदान एक उदाहरण तरी टिकलं. आई हसली.

'आम्ही काय फेविकॉलनं चिकटलो होतो का रे?' ती म्हणाली. 'रोज थोडं थोडं आवळावं लागतं. नानांना वाटायचं एकदा घट्ट केलं की झालं. कारण आवळायचं काम माझ्याकडे होतं.'

मग कप उचलून ती आत गेली.

*

मूळ प्रश्नाकडे येतो. जोडणी उघडणारी असावी का? माझं आजचं उत्तर असं आहे: दोन गोष्टी आयुष्यभर एकाच दिशेनं बदलतील याची खात्री असेल तर डिंक लावा. अशी खात्री फार थोड्या ठिकाणी असते. एरवी बोल्ट लावा, आणि भोक थोडं लांबट ठेवा, म्हणजे सुटायची वेळ येण्याआधी सरकायला जागा मिळेल. पण एवढ्यानं काम संपत नाही. पाना कुणाकुणाच्या हातात आहे, आणि दरवर्षी खाली वाकून आवळतं कोण, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय 'आमचं बंधन किती घट्ट आहे' असं कुणी म्हणू नये. मीही नाही.

नव्या नोकरीत एखादं नवं फीचर चर्चेला आलं की मी हल्ली विचारतो, 'हे वापरणाऱ्याला स्वतःहून बंद करता येईल का?' कधी ऐकतात. बऱ्याचदा 'पुढच्या टप्प्यात बघू' असं उत्तर येतं. ते गृहस्थ मला आता सापडणार नाहीत.

टेबल वरच्या खोलीत आहे. जूनमध्ये क्लास सुरू झाला. पहिल्या बॅचला नऊ मुलं आली. चीर जोडलेली जागा हात फिरवला तर कळते, डोळ्यांना नाही. गॅरेजवाल्यानं तो जुना सुती पाना परत घेतला नाही, म्हणाला, 'ठेव, आता कोण मागतंय.' मी तो दोन जास्तीच्या नटांसकट कापडी पिशवीत घातला आणि पिशवी चौकटीच्या आतल्या बाजूला बांधली. पिशवीवर मार्करनं लिहिलं: अडीच सुती, सहा नट, उन्हाळ्यात आवळणे.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, पावसानं फळी फुगलीय, एक नट जास्तच घट्ट वाटला म्हणून अर्धा फेरा सैल केला.

'बरोबर केलंस ना मी?' तिनं विचारलं.

मी म्हणालो, 'पाना तुझ्याकडे आहे, तूच ठरव.'